परक्या खोलीतला ओळखीचा वास

परक्या अंथरुणावर पहिल्या रात्री नीट झोप न लागणे इतके सर्रास आढळते की, झोपेचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा ते गृहीतच धरतात. प्रयोगासाठी आलेली व्यक्ती पहिल्या रात्री नेहमीसारखी झोपत नाही, हे १९६६ मध्ये एका शोधनिबंधात मांडले गेले आणि पुढे अशा अभ्यासांत पहिल्या रात्रीच्या नोंदी अनेकदा बाजूला ठेवल्या जाऊ लागल्या. २०१६ मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यापुढचे दाखवले. अशा रात्री गाढ झोपेतही मेंदूच्या डाव्या अर्धगोलातील काही भाग उजव्या बाजूइतका गाढ झोपत नाही आणि अनोळखी आवाज झाला की तो अधिक चटकन प्रतिसाद देतो. घरापासून दूर असताना आपला एक हिस्सा पहाऱ्यावर बसतो, असे म्हणणे त्यामुळे नुसते आलंकारिक राहत नाही.

ज्यांचा स्वभाव मुळातच काळजी करण्याचा असतो, त्यांच्या बाबतीत हा पहारा झोपेपुरता मर्यादित राहत नाही. मी त्यांपैकीच एक आहे. कामानिमित्त बाहेरगावी मुक्काम करण्याचे प्रसंग मला नेहमी येतात, आणि दिवसभर माणसांत व्यवस्थित वावरल्यानंतर संध्याकाळी खोलीचे दार लावून घेतले की छातीत धडधड सुरू होते, तळहात गार पडतात आणि कोणतेही ठोस कारण नसताना काहीतरी बिनसले आहे असे वाटू लागते. अशा वेळी स्वतःची समजूत घालण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण समजूत घालणारे मन आणि घाबरलेले मन ही एकमेकांचे ऐकण्याच्या स्थितीत नसतात. विचार जिथे पोहोचत नाही तिथे वास आणि स्पर्श पोहोचतात, असा माझा अनुभव आहे. मात्र आयत्या वेळी विकत आणलेला सुगंध किंवा मऊ कापड हे काम करीत नाही. त्याची तयारी घरी असताना, मन शांत असतानाच करून ठेवावी लागते.

वासाला ही वाट मोकळी का असते, याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. डोळ्यांकडून, कानांकडून आणि त्वचेकडून येणारे संदेश मेंदूच्या बाह्य आवरणापर्यंत जाण्यापूर्वी थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जातात. वासाचे संदेश मात्र नाकाच्या वरच्या भागातील चेतापेशींकडून घ्राणकंदात, म्हणजे मेंदूतील वासाच्या पहिल्या केंद्रात येतात आणि थॅलॅमसमध्ये न थांबता अमिग्डलापर्यंत, म्हणजे भीतीशी आणि भावनांशी घनिष्ठ संबंध असलेल्या भागापर्यंत पोहोचतात. स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पसही तिथून फार दूर नसतो. नाकातील चेतापेशींवर वास ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. ते कसे काम करतात, हे समजण्याचा पाया अमेरिकन शास्त्रज्ञ लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये घातला आणि त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि त्यांच्या वेगवेगळ्या जुळण्यांमधून आपल्याला असंख्य वास वेगळे ओळखता येतात.

मानसशास्त्रज्ञ रेचेल हर्झ यांनी वास आणि आठवण यांच्या नात्यावर बरेच काम केले आहे. त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलेली एक गोष्ट मला विशेष उपयोगाची वाटते. वासाने जाग्या झालेल्या आठवणी चित्राने किंवा आवाजाने जाग्या झालेल्या आठवणींपेक्षा अधिक अचूक असतात असे नाही, परंतु त्या भावनेने अधिक भरलेल्या असतात. घाबरलेल्या माणसाला अचूक तपशिलाची गरज नसतेच. आपण सुरक्षित असताना शरीराला कसे वाटत होते, तेवढे परत मिळाले तरी पुरते.

आता कोणता वास, हा प्रश्न. या विषयावर काही वाचायला घेतले की लव्हेंडरचे नाव हटकून पुढे येते, आणि ते अगदीच निराधार नाही. लव्हेंडरमध्ये लिनालूल नावाचे द्रव्य असते. २०१८ मध्ये जपानमधील संशोधकांनी उंदरांना त्याचा वास दिला तेव्हा त्यांची भीती कमी झाल्याचे दिसले, आणि ज्या उंदरांची वास घेण्याची क्षमता नाहीशी केली होती त्यांच्यावर तो परिणाम झाला नाही, म्हणजे परिणाम नाकाच्या मार्गानेच होत होता. तरीही उंदरांवरून माणसांवर उडी मारण्याची घाई मला करवत नाही. आपल्या वासांच्या आवडीनिवडी मोठ्या प्रमाणात शिकलेल्या असतात. ज्या वासाबरोबर आपल्या आयुष्यात जे घडले, त्याचा रंग त्या वासाला चढतो. एखाद्याने आजारपणाचे दिवस लव्हेंडरच्या वासाने भरलेल्या खोलीत काढले असतील, तर ती बाटली उघडताच त्याला शांत वाटण्याऐवजी मळमळू लागेल, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणूनच ‘चिंतेवर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलांच्या छोट्या बाटल्यांकडे मी जरा संशयानेच पाहते. त्या बाटलीत सुगंध असतो, पण माझ्या घरातली एकही संध्याकाळ त्यात नसते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, वास निवडण्यापेक्षा वास रुजवणे महत्त्वाचे आहे. आपल्याला आवडणारा, फार उग्र नसलेला आणि रोजच्या वापरातल्या इतर गोष्टींत न मिसळणारा एक वास घ्यावा, आणि ज्या वेळी आपण खरोखर निवांत असतो त्याच वेळी तो जवळ ठेवावा. आंघोळीनंतर पुस्तक घेऊन आडवे होण्याची वेळ, रात्री दिवा मालवण्याआधीची काही मिनिटे, किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारची डुलकी, यांतले काहीही चालेल. घाबरलेल्या किंवा चिडलेल्या अवस्थेत निदान सुरुवातीचे काही आठवडे तो हाताशी घेऊ नये, कारण जोडी लागते ती दोन्ही बाजूंनी लागते. ज्या वासाचा आधार केवळ संकटातच शोधला, तो हळूहळू संकटाचाच वास होऊन बसतो. हे एकदा ध्यानात आले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

माझ्या बाबतीत तो वास कोणत्याही बाटलीतला नाही. तो कपडे धुण्याच्या साबणाचा आणि थोडासा माझ्या स्वतःच्या केसांचा, असा मिसळलेला वास आहे आणि तो एका उशीच्या अभ्र्यात राहतो. अभ्रा सुती आहे, एकेकाळी निळा होता, आता त्याला रंग म्हणावा असे फारसे उरलेले नाही. मधला भाग धुऊन धुऊन इतका विरळ झाला आहे की प्रकाशासमोर धरल्यास मागच्या बोटांची सावली दिसते. कडेची दुहेरी शिवण मात्र अजून जाड आणि किंचित खरखरीत आहे, आणि एका कोपऱ्यात दोऱ्याची एक गाठ आहे, जी अंधारातही अंगठ्याला आपोआप सापडते. प्रवासाला निघण्यापूर्वी तो धुवायचा नाही, एवढे पथ्य मी पाळते. निदान तीन-चार रात्री वापरलेला अभ्रा घडी करून झिपच्या पिशवीत घालायचा, पिशवीतली हवा दाबून काढायची आणि ती बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवायची. मुक्कामी पोहोचल्यावर तो खोलीतल्या उशीवरच्या अभ्र्यावरून चढवला की, नाकाजवळची वीतभर जागा तरी आपली होते. स्वच्छतेच्या दृष्टीने हे कुणाला पटणार नाही, याची मला कल्पना आहे. परंतु ताज्या धुतलेल्या अभ्र्यात घर नसते, त्यात फक्त साबण असतो.

जवळच्या माणसाचा वास याहूनही खोल जातो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९६ जोडप्यांतील पुरुषांना सुगंधी द्रव्ये न वापरता एकच शर्ट २४ तास अंगात घालायला दिला होता. नंतर स्त्रियांपैकी काहींना जोडीदाराचा, काहींना अनोळखी पुरुषाचा आणि काहींना न वापरलेला शर्ट हुंगायला देऊन ताण येईल अशा परीक्षेला बसवले. जोडीदाराच्या शर्टचा वास घेतलेल्या स्त्रियांना ताण कमी जाणवला, तर अनोळखी पुरुषाचा वास मिळालेल्यांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण अधिक आढळले. याच गटाने २०२० मध्ये झोपेवर केलेल्या अभ्यासात जोडीदाराचा शर्ट उशीला लावून झोपणाऱ्यांची झोप किंचित सुधारल्याचेही दिसले. घरापासून दूर शिकायला जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत आईचा किंवा वडिलांचा वापरलेला एखादा जुना कपडा ठेवणे, हे यामुळे भाबडेपणाचे वाटू नये. त्या अभ्यासात शर्टांचा वास टिकावा म्हणून ते गोठवून ठेवले होते. आपल्याला एवढे करण्याची गरज नाही, पण कपडा उघड्यावर न ठेवता घट्ट बंद पिशवीत किंवा झाकणाच्या बरणीत ठेवावा आणि गरजेपुरताच बाहेर काढावा.

गरजेपुरताच, हे मी मुद्दाम म्हणते आहे. नाकाला कोणत्याही वासाची सवय काही मिनिटांत होते आणि मग तो जाणवेनासा होतो. आपल्या घराला वास असतो, हे आपल्याला बरेच दिवस बाहेर राहून परत आल्यावर दार उघडताच्या क्षणीच कळते, त्याचे कारण हेच. खोलीभर सुगंध दरवळत ठेवला तर पहिल्या काही मिनिटांनंतर तो असून नसल्यासारखा होतो, आणि खरोखर धडधड वाढते तेव्हा हाताशी काही उरत नाही. त्याऐवजी तो बंद ठेवावा, लागेल तेव्हा उघडून दोन-तीन श्वास घ्यावेत आणि पुन्हा बंद करावा. यात एक उपफायदा असा होतो की, मंद वास नीट घेण्यासाठी श्वास आपोआप सावकाश आणि खोल घेतला जातो. त्यानंतर उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवला की हृदयाची गती थोडी उतरते. श्वासावर लक्ष ठेवा, असे कुणी सांगितले की माझी धडधड उलट वाढते, पण अभ्र्याचा वास घ्यायचा आहे म्हटले की तोच श्वास बिनबोभाट होऊन जातो. विमानात मात्र याचा प्रभाव कमी पडतो, कारण केबिनमधील हवेची आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली असते, नाक कोरडे पडते आणि वास फिके लागतात. तिथे स्पर्शावर अधिक भिस्त ठेवावी लागते.

स्पर्शाची यंत्रणा वेगळी आहे आणि तिच्याविषयी गेल्या काही दशकांत फार रंजक गोष्टी कळल्या आहेत. आपल्या त्वचेच्या लव असलेल्या भागात, म्हणजे हाताच्या बाहूवर, पाठीवर, चेहऱ्यावर, काही मंदगती चेतातंतू असतात, जे एखादी वस्तू नेमकी कुठे आणि केव्हा टेकली हे सांगण्यासाठी फारसे उपयोगी नसतात. ते सर्वाधिक उद्दीपित होतात ते हळुवार, सरकत्या आणि त्वचेइतक्याच उबदार स्पर्शाने. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने फिरणाऱ्या स्पर्शाला हे तंतू सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, आणि लोकांनाही तोच वेग सर्वांत सुखद वाटतो. रडणाऱ्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवताना कुणी घड्याळ लावत नाही, तरी हात साधारण याच वेगाने फिरतो.

तळहातावर हे तंतू फारच विरळ असतात, म्हणून मऊ कापड मुठीत आवळून धरण्याने जे मिळते त्यापेक्षा वेगळे काहीतरी ते कोपरापासून मनगटापर्यंत सावकाश ओढण्याने मिळते. हे करून पाहण्यासारखे आहे. एखादा मऊ लोकरी किंवा रेशमी रुमाल आधी हातात धरून कोमट होऊ द्यावा, मग बाहूच्या आतल्या बाजूवरून, कोपरापासून मनगटापर्यंत पाच-सहा सेकंद लागतील इतक्या संथ गतीने सरकवावा, थांबावे, आणि पुन्हा तसेच करावे. पहिल्या एक-दोन वेळा आपण काहीतरी विचित्र करतो आहोत असेच वाटते. त्यानंतर खांदे खाली येतात. नुसते कापड अंगावर पडून राहिले तर त्वचेलाही त्याची सवय होते, जशी ती घातलेल्या कपड्यांची होते, त्यामुळे हालचाल आवश्यक आहे.

बोटांच्या टोकांचे काम निराळे आहे. ती शांत करण्यापेक्षा लक्ष वेधून घेण्यात तरबेज असतात. माणसांनी भरलेल्या खोलीत, रांगेत किंवा प्रवासात जिथे रुमाल बाहूवर फिरवता येत नाही, तिथे खिशातली एखादी छोटी वस्तू पुरते, मात्र तिच्यात बोटांना शोधण्यासारखे काहीतरी असावे. अगदी गुळगुळीत वस्तू चटकन संपते. माझ्या कोटाच्या खिशात एक जुने लाकडी बटण असते. त्याची एक बाजू झिजून गुळगुळीत झालेली आहे, दुसऱ्या बाजूला लाकडाच्या रेषा नखाला लागतात, चार भोकांपैकी एकाची कड किंचित तुटकी आहे. मन भरकटू लागले की मी ती तुटकी कड शोधते, मग तिच्या समोरचे भोक, मग रेषांची दिशा. आजूबाजूच्या माणसांना यातले काहीही दिसत नाही, आणि मोठ्या माणसांच्या जगात ही सोय लहान नाही.

कारण अशा वस्तूंची लाज वाटते, हे मान्य करायला हवे. मूल आपल्या चिंधीला किंवा अस्वलाला कवटाळून झोपते तेव्हा आपण कौतुकाने पाहतो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये अशा वस्तूंविषयी सविस्तर मांडणी करून त्या मुलाच्या वाढीचा स्वाभाविक भाग असल्याचे सांगितले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५० च्या दशकात माकडांच्या पिल्लांवर केलेले प्रयोग आज वाचताना क्रूरच वाटतात, पण त्यांतील एक निरीक्षण आपल्या विषयाला थेट भिडते. अनोळखी वस्तूंनी भरलेल्या परक्या खोलीत एकटे सोडलेले पिल्लू अंग आखडून बसे. त्याच खोलीत त्याची मऊ कापडाने मढवलेली बाहुलीरूपी आई ठेवली की ते आधी तिला बिलगे, आणि मग तिला सोडून खोली धुंडाळायला निघे. मऊ वस्तूचा उपयोग तिला चिकटून बसण्यासाठी जितका, तितकाच तिच्यापासून दूर जाण्यासाठी होता. मोठेपणी ही गरज नाहीशी होते असे मानण्याला मला तरी काही आधार दिसत नाही. आपण ती फक्त खिशात लपवायला शिकतो.

वजनाचाही उल्लेख केला पाहिजे. जड पांघरुणांचा सध्या बराच बोलबाला आहे आणि त्यावर थोडेफार चांगले संशोधन झालेले आहे. स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिंता, नैराश्य अशा विकारांबरोबर निद्रानाश असलेल्या १२० जणांना चार आठवडे एकतर सुमारे ८ किलोचे किंवा अवघ्या दीड किलोचे पांघरूण दिले, आणि जड पांघरूण घेणाऱ्यांचा निद्रानाश बराच अधिक कमी झाला. प्रवासात ८ किलो कोण वाहून नेणार, हा प्रश्न उरतोच. खोलीतले जास्तीचे पांघरूण मागून घ्यावे, त्याची चौपदरी घडी करून पोटावर आणि मांड्यांवर ठेवावी, एवढ्याने बऱ्यापैकी काम भागते. श्वसनाचा किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि लहान बाळांवर तर अजिबात नाही.

तेलांच्या बाबतीतही थोडी सावधगिरी हवी. शुद्ध सुगंधी तेल तसेच्या तसे त्वचेला लावल्यास चट्टे उठू शकतात, आणि सहप्रवाशाला दमा किंवा अर्धशिशी असेल तर आपला दिलासा त्याचा त्रास ठरतो. गाडीच्या बंद डब्यात, शेजारच्या सीटवर तर सोडाच, पण आपल्या कोपराच्या पलीकडे जाणार नाही इतकाच वास असावा, हे माझे माप आहे.

मानसोपचारात एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला रास्त वाटतो. एखाद्या वस्तूवाचून बाहेर पडताच येत नाही अशी स्थिती आली, तर ती वस्तू चिंता कमी करण्याऐवजी तिला खतपाणी घालते, कारण ‘ती होती म्हणूनच मी तरलो’ असा निष्कर्ष मन काढते. मी यावर तोडगा असा ठेवला आहे की, अभ्रा पहिल्या एक-दोन रात्रींपुरता वापरायचा आणि पुढच्या रात्री खोलीतल्याच अभ्र्यावर झोपायचे. पहारा तोवर बराच सैल झालेला असतो. ज्यांची चिंता घरीसुद्धा पाठ सोडत नाही, झोप आणि भूक उडवते, त्यांना मात्र रुमाल आणि बटणे पुरणार नाहीत. त्यांनी तज्ज्ञांकडेच जावे.

सध्या माझ्यापुढे एक अगदी क्षुल्लक वाटणारी अडचण उभी आहे. मी वापरत असलेल्या साबणाचा सुगंध उत्पादकांनी बदलला आहे, आणि नव्या पाकिटावर तो ‘अधिक ताजा’ असल्याचे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. जुन्या साबणाची उरलेली पूड एका डब्यात काढून ठेवावी आणि फक्त अभ्र्यासाठी पुरवून वापरावी, हा पहिला विचार मनात आला होता, पण तो मी सोडून दिला. वास शिकलेला असतो, तर नवाही शिकता येईल. आता दोन अभ्रे आलटून पालटून नव्या साबणात धुते आहे आणि पुढच्या महिन्यातल्या दौऱ्यापर्यंत रोज रात्री वाचताना त्यांतलाच एक उशीला असतो. अजून तो वास मला दुकानाचाच वाटतो, पण परवा वाचता वाचता त्याच अभ्र्यावर डोळा लागला, तेव्हा काम सुरू झाले असावे.